पायावर गुंडाळलेलं लुगडं

रस्त्यात अपघात होऊन पाय मोडला तर काय करावं, हे विचारायला वडगावात लोक माझ्याकडे येत. मी काही वैद्य नाही. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून खड्डामागावर लुगडी विणणारा माणूस. पण माझ्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत, आणि ती तीनच का, हे सांगितलं की निम्मं उत्तर त्यातच येतं.

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मी आणि माझा थोरला भाऊ निपाणीच्या बाजारात लुगडी विकून परत येत होतो. त्याला मी अण्णा म्हणायचो. गाठोड्यात एक लुगडं उरलं होतं. संकेश्वरच्या अलीकडे मोटारीचं चाक रस्त्यावरून घसरलं आणि मोटार शेतात आडवी झाली, दमलेलं जनावर बसतं तशी, सावकाश. बाकीच्यांचं खरचटण्यावर भागलं. माझी नडगी तेवढी बाकाच्या लोखंडाखाली सापडून मोडली आणि रक्त वाहायला लागलं.

अण्णाचा हात आमच्या गल्लीत नावाजलेला. त्याच्या विणीत ढील शोधून सापडायची नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्यानं कुंपणाच्या दोन काठ्या काढून माझ्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. बांधायला त्यानं उरलेलं लुगडं घेतलं. दुसऱ्या कुणी ते टरकन फाडून पट्ट्या केल्या असत्या. पण आमच्या घरात मागावरून उतरवताना कापडाला सुरी लागते तेवढीच. पुढं नेसणारीनं घडी मोडेपर्यंत त्याला लोखंड लावायचं नाही, फाडायचंही नाही. तेव्हा अण्णानं नऊ वार अख्खंच माझ्या पायावर चढवलं. रक्त थांबावं म्हणून आधी ओढ्यात भिजवून आणलं, आणि मग विणलेलं कापड मागाच्या रुळावर गुंडाळतात तसं एकेक फेरा ओढून गुंडाळलं. वरून लुगड्याच्याच टोकांना, सूत जोडताना मारतात तशा, घट्ट गाठी मारल्या. काम झाल्यावर मागं सरून त्यानं ते एकदा बघूनही घेतलं.

संकेश्वरकडे निघालेल्या एका बैलगाडीत मला आडवं घातलं. गाडीवान आणि त्याची म्हातारी आई होती. ऊन कडक होतं. तासाभरात लुगडं वाळून, आवळून खडखडीत झालं आणि माझं दुखणं कमी होत गेलं. पुढं तर पाय दुखेचना. मी तसं सांगितलं तेव्हा अण्णा हसला. "बांधणी कुणाची हाय?" म्हणाला. मलाही बरं वाटलं. दोघेही सारखेच शहाणे.

म्हातारीनं मात्र माझ्या पायाकडे बघितलं आणि अंगठ्याला चिमटा काढला.

"कळतंय का रं?"

"काय?"

"बोटं काळीनिळी पडल्यात ह्याची," ती अण्णाला म्हणाली. "सोड ते आधी."

अण्णा गाठी सोडायला लागला. वाळलेल्या गाठी त्यालाच सुटेनात. त्यानं नखं लावली, दात लावले. म्हातारीनं गवतातला विळा काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला आणि तसाच बसून राहिला.

"नवं हाय, आज्जी. घडी मोडली न्हाय अजून."

"मग पाय कापाय लागंल," ती म्हणाली. ओरडून नाही, साधंच.

अण्णानं विळा घातला. त्याला घाम फुटला होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फेऱ्यामागून फेरा कापत गेला, आणि जसजसं कापड सुटलं तसतसा पाय परत दुखायला लागला. मी अण्णाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आईवरूनही दिल्या, जी त्याचीही आई होती. तो कापतच राहिला. म्हातारीनं काठ्या तशाच ठेवून वरून सैल बांधून दिलं, आपलं एक बोट आत जाईल इतकं.

संकेश्वरच्या डॉक्टरांनी पाय वाचवला. शेवटची दोन बोटं गेली. विचारायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की काठ्या लावा, सैल बांधा आणि बोटं उघडी ठेवून बघत राहा. दुखायचं थांबलं म्हणून हुरळून जाऊ नका.

अण्णाचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. वर्षभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. आमचे माग शेजारी शेजारी होते. खड्ड्यात बसल्यावर एकाचे पाय दुसऱ्याला दिसत नाहीत. मी पुन्हा मागावर बसलो त्या दिवसापासून अण्णा रोज सकाळी धोटा हातात घेण्याआधी विचारायचा, "बोटं हालीव बघू. हालत्यात का?"

पहिल्या वर्षी मी तीनच असल्याचं त्याला ऐकवायचो. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. मग एका सकाळी, का कोण जाणे, मी म्हणालो, "व्हय अण्णा, सगळी हालत्यात."

त्यानंतर मी रोज तेच सांगितलं. त्याचा माग माझं उत्तर ऐकूनच सुरू व्हायचा.