नावेच्या बुडाचं बूच

ऑर्विल स्कॉगलंडने आयुष्यात कधी लाइफ जॅकेट घातलं नव्हतं. तो त्यावर बसत असे. बोटीचा पत्र्याचा बाक गार लागतो, त्यासाठीच ते असतं, अशी त्याची पक्की समजूत. मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या निम्म्या म्हाताऱ्यांची जॅकेटं अशीच बसून बसून पापडासारखी झाली होती.

त्या वर्षी त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि उन्हाळाभर काहीही चालवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. गाडी सुटली याचं त्याला फारसं वाटलं नाही. पण मे महिन्यात एका शनिवारी वॉलाय मासे धरायचा हंगाम उघडतो, त्या पहिल्या सकाळी ऑर्विल तळ्यावर नाही असं कधी घडलंच नव्हतं. लग्नाची तारीखसुद्धा त्याने तो शनिवार टाळून धरली होती. बायकोने, आर्डिसने, बोटीची किल्ली शिवणाच्या डब्यात टाकली आणि सांगितलं, की ती मिळेल फक्त मारेनला. तीही परीक्षा पास झाली तर.

मारेन त्यांची तेरा वर्षांची नात. तिच्या वयाच्या मुलांना एवढ्या मोठ्या मोटरची बोट चालवायला जलसुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. ऑर्विलच्या पिढीला त्यातून सूट होती, आणि सूट म्हणजे शहाणपणाची पावती, असं तो धरून चालला होता. शिकवणी त्याने स्वतःकडे घेतली. समोरून बोट आली तर हात हलवायचा आणि समोरच्याला वळू द्यायचं. मासा मोठा असेल तर उभं राहायचं. जॅकेटाची जागा अर्थातच बुडाखाली.

मारेनने उत्तरं तंतोतंत तशीच दिली आणि नापास झाली.

"आजोबा, आता पुस्तक मी वाचते," ती म्हणाली. "तुम्ही नुसते प्रश्न विचारा."

"इतकी वर्षं बोट चालवली, कधी बुडालो का?" ऑर्विल कुरकुरला.

"गुडघाभर पाण्यात गळ टाकून बसतोस," आर्डिस भांडी विसळता विसळता म्हणाली. "बुडशील कसा?"

तो मुकाट्याने प्रश्न विचारू लागला. प्रत्येक बरोबर उत्तराला त्याचा चेहरा उतरत गेला. दुसऱ्या खेपेला मारेन पास झाली, आणि किल्ली डब्यातून बाहेर आली.

त्या शनिवारी पहाटे धक्क्याच्या उतारावर बोटी जोडलेल्या गाड्यांची रांग लागली होती. तिथे कुणी उतार अडवून ठेवला तरी मागचे रागावत नाहीत. "काही घाई नाही," म्हणतात, आणि मग ती गोष्ट जन्मभर विसरत नाहीत. आर्डिसने गाडी मागे घेत बोट पाण्यात सोडली. मारेन मोटरपाशी बसली, पण किल्ली फिरवेना.

"आधी जॅकेट घाला, आजोबा."

"पट्टा पोटावर पोचत नाही गं."

"मग श्वास धरा."

ऑर्विल वाद घालत राहिला, तोवर त्याचे मोजे ओले झाले. बोटीच्या बुडाच्या भोकाचं बूच बसवायचंच राहिलं होतं! एका तळ्याची घाण दुसऱ्यात जाऊ नये म्हणून बोट बाहेर काढली की ते काढून आतलं पाणी सोडून द्यायचा तिथला नियम. गेल्या हंगामाअखेर त्याने ते काढलं होतं; "बुचाचं माझ्यावर सोड," असं सकाळीच मारेनला सांगूनही झालं होतं. त्याने सगळे खिसे चाचपले. बूच नाही म्हणजे मासेमारीही नाही.

"काही घाई नाही, ऑर्विल," मागून शेजाऱ्याचा आवाज आला.

आर्डिसने बोट पुन्हा वर ओढली. बुडाच्या भोकातून पाण्याची धार लागली.

"बूच शोधतो," तो म्हणाला.

"शोधा. पण जॅकेट घालून," मारेन म्हणाली.

सगळी रांग बघत होती. ऑर्विलने श्वास धरला, पट्टा ओढला, बक्कल खटकन बसलं, आणि बरगडीत काहीतरी टोचलं. त्याने जॅकेटाच्या खिशात हात घातला; बूच तिथेच होतं. गेल्या वर्षी त्याला एकच जागा खात्रीची वाटली होती: जी तो कधी बुडाखालून हलू देत नाही.

बूच बसलं, मोटर सुरू झाली, बोट निघाली. थोडं पुढे गेल्यावर ऑर्विल चुळबुळ करू लागला.

"बाक फार गार लागतोय गं."

"उभे राहू नका," मारेन म्हणाली, आणि समोरून येणाऱ्या बोटीसाठी तिने पुस्तकात होतं तसं उजवीकडे वळण घेतलं.

ऑर्विलने समोरच्याला हात मात्र हलवला.