गाभाऱ्याबाहेरून दिसणारं कासव

आईची नजर चारी बाजूंनी मिटत चालली होती. काचबिंदू. मधोमध एवढासा झरोका उरलाय, तोही किती टिकेल सांगता येत नाही, असं बेळगावचे डॉक्टर म्हणाले. परतीच्या वाटेवर निपाणी जवळ आल्यावर आई म्हणाली, "तू समुद्राच्या तळाला जातीस न्हवं? मला एकदा जितं कासव दाखव गं. पाण्यात पवताना."

आमच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिसुव्रत भगवान आहेत. त्यांच्या आसनावर एक छोटं कासव कोरलंय, ती त्यांची खूण. लग्न होऊन आल्यापासून आई रोज गाभाऱ्याबाहेर उभी राहून त्या कासवाकडे बघत आलीय. समुद्र तिनं कधी पाहिलाच नाही.

मी लग्नांचे फोटो काढते आणि सवड मिळाली की मालवणला जाऊन पाण्याखालचे. "पाणी गाळून पिणाऱ्या घरातली पोर, आणि निघाली समुद्राच्या तळाला," असं भाऊबंद चिडवतात. त्या उन्हाळ्यात मी पुनःपुन्हा गेले. खडक कुरतडणारे पोपटमासे दिसले, समुद्रफुलात लपलेले केशरी-पांढरे मासे दिसले, कपारीतून डोकावणारी सापासारखी वामसुद्धा दिसली. कासव तेवढं दिसेना. एरवी ज्या माशांसाठी जीव टाकला असता, त्यांच्याकडे बघायचंही मन होईना.

पाऊस तोंडावर आला. तो सुरू झाला की डायव्हिंग बंद, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत आईचा झरोका राहील याची खात्री कोण देणार? तीर्थंकर वीतराग असतात, ते देतही नाहीत नि घेतही नाहीत, हे आईनंच मला शिकवलेलं. तरी मी मागत होते आणि मिळत नाही म्हणून मनातल्या मनात भांडतही होते. मागायचंच नाही, तर हात जोडायचे कशाला?

शेवटच्या दिवशी होडीतून उतरताना सोबतचा पाणबुड्या हसून म्हणाला, "बाय, कासव कोणाच्या सांगण्यार येणा नाय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तळाशी पोचताच घाईनं पाय मारले नि वाळू उसळली. सगळं पाणी गढूळ झालं, मासे पसार झाले, स्वतःचा हातसुद्धा दिसेना. त्यानं माझा दंड धरून मला जागच्या जागी थांबवलं. मास्कच्या आत मी रडत होते.

तेव्हा आई आठवली, विहिरीच्या काठावरची. ती पाणी गाळते आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव परत त्याच विहिरीत सोडते. वरून ओतत नाही. भांडं दोरीनं अगदी पाण्याला टेकेपर्यंत उतरवते आणि हलकेच कलतं करते. लहानपणी मी घाई केली की म्हणायची, "विहिरीलाबी कळू नये, असं सोड."

मी पाय सैल सोडले. श्वास संथ केला. कासव मला हवंच होतं, खोटं कशाला सांगू? पण मागणं तेवढं थांबलं. हळूहळू वाळू खाली बसली आणि समोरच्या खडकाच्या वळचणीला ते दिसलं, शांतपणे शेवाळ खात असलेलं. आधीपासून तिथंच होतं का, मला माहीत नाही. ते क्षणभर माझ्याकडे बघत जवळून गेलं आणि श्वास घ्यायला वर उजेडाकडे पोहत गेलं. तोवर कॅमेरा चालू होता.

घरी पोचले तेव्हा आई दिवस मावळायच्या आत जेवायला बसत होती. मी कौतुकानं कॅमेरा टीव्हीला जोडला. भिंतभर कासव! आई मान इकडे-तिकडे वळवत राहिली. "नुसतं हिरवं हिरवं दिसतंय गं." मी आणखी मोठं केलं. "पाय दिसला वाटतं. बाकीचं कुठं हाय?"

माझा धीरच सुटला. मी वायर उपटली, तसं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर तेच कासव पोहू लागलं. आईनं माझं मनगट धरलं. "थांब. हलवू नगंस." तिच्या झरोक्यात ते अख्खं मावलं होतं. "एवढंच तर हाय की गं! आपल्या बस्तीतल्याएवढं."

ताट तसंच राहिलं. "आई, दिवस बुडाला, आता जेवायचं नाही तुला," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. आणि एकदा लाव."

आता तो झरोकाही मिटलाय. तरी रोज सकाळी मी तिला हात धरून बस्तीत नेते. ती नेहमीच्याच जागी, गाभाऱ्याबाहेर उभी राहते. एकदा न राहवून विचारलं, "आई, काय दिसतं गं?"

"आधी दगडाचं हुतं," ती म्हणाली. "आता पवतंय."

मी तिच्या शेजारी हात जोडून उभी राहते. कशाला जोडायचे, हे आता विचारत नाही.