भार दुसरीकडेच होता

हे मी घरातसुद्धा कधी बोलले नाही. नवऱ्याला माहीत नाही, जयनगरच्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात मी यंत्राच्या भागांची ताकद संगणकावर तपासायचे. भाग कुठे पकडलाय, भार कुठे पडतो, हे एकदा बसवून ठेवायचं. डिझाइन बदललं की नवा आकार त्याच सेटअपमध्ये टाकायचा. ही युक्ती माझी. साहेब खूश झाले — आणि मी भार कुठे बसलाय ते बघणं हळूहळू सोडूनच दिलं. निकालाचं चित्र निळं, म्हणजे ताण कमी, आलं की पास.

प्रकाश आमचा डिझायनर, बेळगावचा, माझ्याहून बराच लहान. व्हीलचेअरच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट त्याचा होता. वजन कमी करायला त्याने त्यात एक खाच पाडली आणि म्हणाला, "अक्का, स्वल्प नीट बघा की. पातळ झालंय ते."

बघते म्हटलं. बघितलं का? निळा रंग बघितला.

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात चाचणी झाली आणि ब्रॅकेट तुटला. खाचेपाशीच.

मी फाइल उघडली. भार कुठे लावायचा ते संगणक पृष्ठभागाच्या क्रमांकावरून ठरवतो, आणि खाच पडल्यावर ते क्रमांकच सरकले होते. पाय टेकतो तिथला भार जाऊन बसला होता बोल्टच्या शेजारी. पातळ जागेवर ताणच नाही — निळं दिसणार नाही तर काय? एकदा चित्र फिरवून पाहिलं असतं, तरी कळलं असतं.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "सेटअप तपासला होता ना?"

"हो सर," मी म्हणाले.

आवाज अडखळला नाही. शेजारी बसलेला प्रकाश — तो माझ्या बाजूने मान हलवत होता. अक्काने तपासलंय म्हणजे तपासलंय. मग उरलं काय? त्याचीच खाच. सेटअप मी नंतर गुपचूप दुरुस्त केला.

त्याच्याकडून डिझाइनचं काम काढून घेतलं. काही महिन्यांनी तो बेळगावला परत गेला. आता भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. दिवाळीला न चुकता फोन करतो, आणि बोलता बोलता दरवेळी हसून म्हणतो, "डिझाइन आपल्याला जमणारं नव्हतंच, अक्का."

मी म्हणते, "असं नको रे म्हणूस."

एवढंच म्हणते.