सीलच्या कातड्याचा वायसर

माझी थोरली बहीण ओल्गा शवपेटीत होती, पेटी चर्चच्या दारात होती आणि तिचा नवरा वसिली तिच्या जुन्या चारचाकी मोटारसायकलशेजारी गुडघे टेकून बसला होता. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत होतं. युकॉन नदीच्या मुखाशी आमच्या गावात रस्ते नाहीत. टेकडीवरच्या कबरीपर्यंत माणूस असल्याच गाडीमागच्या ट्रॉलीतून जातो.

"दाजी, माझी गाडी घ्या," मी खेकसले. "लोक थंडीत उभे आहेत."

"ही तिने घेतलेली. सेकंडहँड. जन्मभर मागून ढकलत आली, आज तरी बसू दे तिला."

त्याने कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. आतला रबरी वायसर फाटला तेव्हा ओल्गाने बुटांच्या तळव्यासाठी ठेवलेल्या, सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याचा वायसर कापून बसवला होता. ते कातडं पाण्याला पुरून उरतं. पेट्रोलने मात्र त्यातलं तेल खाल्लं आणि ते आकसलं.

"सांगितलं होतं मी तिला," वसिली म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

मी माझ्या गाडीचा वायसर काढून दिला. त्याने तो बसवला, पेट्रोल सोडलं आणि वाटीखाली बोट धरलं. बोट कोरडं राहिलं. ट्रॉली जोडून, पेटी तिच्यात चढवून तो हळू निघाला. मी मागून चालत गेले.