आत्याबाईंचा गुलाबी

तेलगावला आम्ही नवं घर बांधलं तेव्हा मागची खोली सासूबाईंसाठी ठेवली. मी त्यांना आत्याबाई म्हणते. जुन्या घरी त्या कायम स्वयंपाकघरात, नाहीतर ओसरीवर निजल्या. स्वतःची म्हणावी अशी खोली त्यांना कधी नव्हतीच. रंग कोणता देऊ, असं विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला बरा वाटेल तो द्या. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघताच, म्हणाल्या, "गुलाबी मिळंल का? पण फिक्का. लई फिक्का."

मिळेल की, म्हटलं. मला वाटलं, झालं काम.

पेंटरनं शेडकार्ड आणलं तर त्यात एक अख्खं पान फिकट गुलाबीचं. सगळे एकमेकांचे जुळे भाऊ. त्यातले चार आम्ही काढले आणि त्यानं त्यांचे वीत-वीतभर पट्टे भिंतीवर ओढले. खाली पेन्सिलीनं एक, दोन, तीन, चार लिहिलं. मला दोन नंबर आवडला. कॉलेजात जाणाऱ्या आमच्या लेकीला तीन. तिचे बाबा बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, एकच रंग चारदा कशाला लावलाय? आत्याबाईंना बोलावलं. त्या भिंतीला नाक लावून चारी पट्ट्यांवरून फिरल्या आणि चारी पिवळेच आहेत म्हणाल्या.

मोतीबिंदू होताच त्यांना, दोन्ही डोळ्यांत. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीखही बीडला मिळालेली होती. डावा दोन महिन्यांनी करायचा होता. मग आम्ही ती खोली तशीच ठेवली आणि पेंटरला बाकीचं घर उरकायला सांगितलं.

ऑपरेशन होऊन आल्यावर चार दिवस त्या काळा चष्मा लावून गपगार बसून होत्या. पाचव्या दिवशी मी शाळेत शिकवून घरी आले तर बाई मागच्या खोलीत उभ्या. चष्मा कपाळावर, तळहातानं एकदा डावा डोळा झाकायच्या, एकदा उजवा. मी घाबरलेच. काही दुखतंय का विचारलं. तर म्हणाल्या, ह्या जुन्या डोळ्यानं सगळं चहा सांडल्यासारखं दिसतं, आणि नव्यानं चारी पट्टे वेगळे दिसतात.

"एक नंबर औषधाच्या गोळीवानी हाय," त्या म्हणाल्या. "तीन नंबर दाताच्या हिरडीवानी. दोन आन चार बरे हायत. पण माझा ह्यातला न्हाई."

मग तुमचा कोणता, म्हटलं. त्यांनी जरा विचार केला.

"कापसाचं फूल आज उमललं की पांढरं आस्तंय. उंद्या गुलाबी पडतंय. ते उंद्याचं, सकाळचं."

इतकी वर्षं त्या कापसात खुरपत होत्या, वेचत होत्या. पण ह्या फुलाबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नव्हता. धुळीत जायला डॉक्टरांनी महिनाभर मनाई केलेली, तेव्हा फूल आणायचं काम माझ्याकडे आलं. माझं माहेर कडा गावचं. आमच्याकडे साखर कारखाना, चहूकडे ऊस. कापसाचं फूल मी असं निरखून कधी बघितलंच नव्हतं. शाळेच्या आधी स्कूटीवर रानात गेले आणि फूल आणलं, तर ते त्याच दिवशीचं, दुधासारखं. दुसऱ्या दिवशी आणलं ते पार लालभडक, मिटलेलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मास्तरीणबाईंना फुलं ओळखता येईनात. मग मी एका पांढऱ्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं तेच तोडलं. डब्याच्या झाकणात ठेवून घरी आणलं.

तेच होतं. आत्याबाईंनी ते भिंतीला लावून बघितलं. दोनपेक्षा गडद, चारपेक्षा फिकट. मलाही पहिल्यांदाच त्या पट्ट्यांमधला फरक नीट कळला.

पण पेंटर आला अकरा वाजता. तोवर फूल आपल्या गतीनं पुढे निघून गेलेलं. त्यानं ते भिंतीशी धरलं आणि डोकं खाजवलं. "मावशी, हे तर चारच्या बी पुढं गेलं."

"मंग तू सकाळच्याला येत जा की," आत्याबाई म्हणाल्या.

आणि तो आला. मी आणखी एक दोरा बांधून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सात वाजता तो दारात हजर, हातात बादली. चार नंबरच्या रंगात थोडा थोडा पांढरा मिसळायचा, पुठ्ठ्यावर बोट ओढायचं, वाळू द्यायचं आणि आत्याबाईंपुढे धरायचं. ओला रंग वेगळा दिसतो, वाळला की वेगळा, त्यामुळे घाई चालत नव्हती. सहाव्या पुठ्ठ्याला त्यांनी हात वर केला. बास.

हातानं मिसळलेला रंग पुन्हा तसाच जमत नसतो, हे पेंटरनं आधीच बजावलं होतं. बादली पुरेल, असंही तोच म्हणाला होता. नाही पुरली. तीन भिंती झाल्या आणि दारामागची राहिली. त्यानं पुन्हा मिसळलं, पुन्हा पुठ्ठे रंगवले. घामाघूम झाला बिचारा. शेवटी म्हणाला, आता कुणाच्या बापाला फरक कळणार नाही. आम्ही सगळे म्हणालो, खरंच कळत नाही. आत्याबाईंनी त्याला चहा दिला, वर लाडूही दिला. तो गेल्यावर मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "दारामागची भिंत जरा जांभळी हाय. त्याला सांगू नगं. लई राबलाय."

मी जाऊन बघितलं. मला काही दिसलं नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी त्यांचा पलंग आत गेला, ट्रंक गेली, भिंतीतल्या कोनाड्यात देव बसले. तरी पहिले काही दिवस त्या स्वयंपाकघरातच चटई टाकून पडायच्या. का, असं विचारलं की म्हणायच्या, रंगाचा वास जाऊ दे. वास केव्हाच गेलेला होता. आम्ही कुणी मागे लागलो नाही.

मग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, मी दुपारची भांडी घासत होते. मागच्या खोलीची कडी आतून लागल्याचा आवाज आला. त्यांनी आयुष्यात कधी दाराला आतून कडी लावलेली मला माहीत नाही. मी नळ बारीक केला. लेक काहीतरी विचारायला म्हणून तिकडे निघाली होती, तिला मी खुणेनंच थांबवलं.

तासाभरानं त्या बाहेर आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. म्हणाल्या, छान झोप लागली. आणि चहा टाकायला सांगून ओट्यापाशी माझ्या शेजारी बसल्या.