बोटांची शाळा

आम्ही जुने जिनवाले चार जण कुठे भेटलो, की आधी कापसाच्या गोष्टी निघतात, मग माणसांच्या आणि शेवटी बोटांच्या. कोणाचं कुठलं बोट कोणत्या मशिनवर गेलं, हे आम्हाला घरातल्या लग्नांपेक्षा पक्कं आठवतं! मी जळगावच्या एका जिनात फिटर होतो, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच. लोक ऐकतात आणि हसतात. मीही हसतो. पण नंतर घरी जाताना रस्ताभर कोणाशी बोलत नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. लांबलचक हॉल, दोन्ही अंगांना मशिनी, प्रत्येक मशिनपुढे कापूस भरायला एक बाई. शेजारी प्रेस, तिथे रुई दाबून गठाणी बांधायच्या. एका हंगामात तेल घालणाऱ्या भिकाचा हात मशिनच्या पट्ट्यात गेला, तो खांद्यापासूनच. फॅक्टरी इन्स्पेक्टर आले, वहीत शेरा मारून गेले, की कामगारांना यंत्रापासून जपायला शिकवावं.

मॅनेजरने आम्हा फिटरांवरून नजर फिरवली. मराठी फायनल झालेला मी एकटाच.

"तू शिकव. दर सोमवारी, भोंग्याआधी पंधरा मिनिटं."

"साहेब, काय शिकवू?"

"हात गेला की काय होतं, ते!"

'मग भिकालाच बोलवा की', हे ओठापर्यंत आलं होतं. गिळलं. त्या दिवसापासून मी मास्तर झालो आणि माझ्या वर्गाला लोकांनी नाव ठेवलं, बोटांची शाळा.

*

पहिल्या सोमवारी मॅनेजरने छापील नोटीस आणून दिली. मी कापसाच्या ढिगावर उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात वाचली, "गतिमान यंत्राच्या सान्निध्यात कोणीही अनवधानाने वावरू नये!"

सगळे गप्प. मला वाटलं, काय परिणाम झाला!

मागून जनाक्का उठली. आमच्या जिनातली सगळ्यांत जुनी बाई. पिंप्राळ्याहून रोज चालत यायची आणि मॅनेजरलाही अरेतुरे करायची.

"मास्तरभाऊ," ती म्हणाली, "बठ्ठं समजनं. पन हाई सान्निध्य म्हंजे कोनतं खातं शे?"

मी नोटीस घडी करून खिशात घातली, ती परत काढली नाही.

*

पुढच्या सोमवारपासून मी सुपडूआबाला सोबत घेतलं. आबा आमचा जॉबर, म्हणजे हॉलमधल्या सगळ्या माणसांचा मुकादम. त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. बाकीची तीन मशिनच्या रुळात गेली होती. अडकलेला कापूस चालू मशिनमधून काढताना.

त्या दिवशी सावद्याकडचा एक नवा गडी आला होता. केळीच्या बागेत काम केलेला, अंगाने दांडगा, कशालाच न भिणारा. आबाने हात त्याच्या नाकासमोर धरला.

"मोज."

"दोन."

"बाकीना कोठे गयात?"

गडी इकडेतिकडे बघायला लागला. खाली जमिनीवरसुद्धा बघितलं त्याने!

"रुईमा गयात," आबा म्हणाला. "रुईनी गठाण बनी, गठाण मुंबई गयी. मन्हा तीन बोटं मुंबई देखी उनात, मी अजून देखी नही!"

हॉल हसून लोळला. तो गडी मात्र हसला नाही. दिवसभर त्याने मशिनपाशी हात मागे बांधून ठेवले. शेवटी मीच त्याला सांगितलं, की बाबा, काम करायलाही हात लागतात.

दर सोमवारी आबा हेच सांगायचा, लोक दर सोमवारी हसायचे. एकदा मी त्याला एकट्यात विचारलं, "आबा, दर वेळी तेच सांगताना काही वाटत नाही?"

"वाटस," तो म्हणाला. "पन हसाना टाईमले त्या मन्हा हातकडे देखतस. रडी सांगं तर दुसरीकडे देखतीन."

*

भिकाच्या अपघातानंतर त्या पट्ट्याला जाळीचा गार्ड बसवावा, असा हुकूम आला. गार्ड आला. पण गार्ड लावला की तेल घालायला मशिन थांबवावं लागायचं, आणि मशिन थांबलेलं मॅनेजरला बघवायचं नाही. मग गार्ड गोदामात गेला. इन्स्पेक्टर येणार असं कळलं की बाहेर यायचा. साहेबांची गाडी स्टेशनात शिरेपर्यंत आमचे नट आवळून झालेले असायचे.

असे दोन-तीन हंगाम गेले. एकदा इन्स्पेक्टरसाहेब गार्डपाशी थांबले. जाळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं.

"इथे सगळीकडे तेल आणि रुईची धूळ. हा गार्डच कसा एवढा नवा कोरा?"

मॅनेजर क्षणभरही अडखळला नाही. "साहेब, आम्ही फार जपून वापरतो!"

हा किस्सा सांगितला की लोक टाळ्या देतात. गार्ड काढायचा कोण, हे कोणी विचारत नाही. मीच काढायचो. सोमवारी शिकवायचो आणि मंगळवारी पाना घेऊन नट सैल करायचो. भिका तेव्हा फाटकावर वॉचमन होता. गार्ड गोदामाकडे नेताना मला त्याच्यासमोरून जावं लागे. तो उरलेल्या हाताने सलाम करायचा.

*

आगीचा धडाही होता. भिंतीवर लाल बादल्यांची रांग, पाण्याने भरलेली. आग लागली तर कोणी कुठली बादली उचलायची, हे मी पाठ करून घेतलं होतं.

वैशाखातली दुपार. जळगावचं ऊन, वरून पत्रा, आत उडणारी रुई. कुठेतरी ठिणगी पडली आणि कोपऱ्यातल्या ढिगाने पेट घेतला. शिकवल्याप्रमाणे माणसं धावली, ज्याने त्याने आपापली बादली उचलली. मला क्षणभर अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

बादल्या रिकाम्या निघाल्या. एकूण एक.

विहिरीवरून पाणी येईपर्यंत अर्धं छप्पर गेलं. कोणी मेलं नाही, पण आबाची पाठ भाजली. आग विझल्यावर मॅनेजर काळ्या तोंडाने हॉलमध्ये उभा राहून ओरडला, "आगीचं पाणी कोण प्यालं?"

मग जनाक्का पुढे झाली.

"मी पिनू. या बठ्ठ्या पिन्यात. आगसाठे पानी ठेवं तू. आमनासाठे कोठे ठेवं व्हतं?"

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दाराशी दोन रांजण आले. माझ्या धड्यात ते कधीच नव्हते.

*

पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. आज सांगतो, कारण त्याच्याशिवाय शेवटचा सांगता येत नाही.

आमच्या मालकांचा एक प्रेस धुळ्यालाही होता. माझ्या शाळेची कीर्ती तिथवर गेली आणि मला आठ दिवसांसाठी तिकडे धाडलं. प्रेसमध्ये काम असं: खोल पेटीत रुई टाकायची, दोन माणसांनी आत उतरून ती पायांनी खुंदायची. ती माणसं वर आली, की व्हॉल्व्ह फिरवून रुईवर दाब सोडायचा. व्हॉल्व्हवरच्या माणसाला पेटीतलं दिसत नाही. म्हणून मी शिकवलं, की वर आलात की ओरडायचं, "वर!" ते ऐकल्याशिवाय दाब नाही.

त्याच दिवशी दुसरा धडा दिला. रुईत विडी पेटवायची चकमक, खिळा, काही म्हणजे काही राहू द्यायचं नाही. गठाणीत ठिणगी पडली तर सगळं गोदाम जातं.

खुंदायला नामदेव आणि जयराम ही जोडी होती. नामदेव सोनगीरचा. मान खाली घालून ऐकणारा, एक शब्द न बोलणारा. असा विद्यार्थी मला जळगावात एकही मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पेटी भरली, दोघे वर आले. जयराम ओरडला, "वर! दोन्ही वर!" तेवढ्यात नामदेवने कमरेला हात लावला. त्याची चकमक नव्हती. खाली रुईत पडली असणार. तो काही न बोलता परत आत उतरला.

दाब सुटला.

मी दहा हातांवर उभा होतो. दोन्ही धडे त्यांनी बरोबर पाळले होते.

दुसऱ्या दिवशी मी सोनगीरला गेलो. आग्रा रोडवर मोटारीतून उतरलो आणि किल्ल्याच्या पायथ्याशी त्याचं घर शोधलं. त्याची बायको गोदाबाई दारात बसली होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. तिने एकच विचारलं,

"शेवटले काय बोलनात?"

मी म्हणालो, "काही नाही. जयराम ओरडला. दोघांच्या वतीने."

ती म्हणाली, "त्यास्ले कमीच बोलानी सवय व्हती."

जयरामने ते काम सोडलं. मी धडा बदलला. तेव्हापासून प्रेसमध्ये ज्याने त्याने आपलं नाव घेऊन ओरडायचं, दुसऱ्याच्या वतीने कोणी ओरडायचं नाही, आणि नावं आल्यावरही व्हॉल्व्हवाल्याने स्वतः उठून पेटीत डोकावायचं. चांगला नियम आहे. नामदेवनंतरचा आहे.

*

वर्षभराने गोदाबाई जळगावला आली. सासरी निभेना. मीच आबाला सांगून तिला जिनात लावलं. जनाक्काने तिला पिंप्राळ्यात आपल्या शेजारची खोली बघून दिली आणि हॉलमध्येही आपल्या शेजारच्याच मशिनवर बसवून घेतलं. गोदाबाई काम चोख करायची. सोमवारी वर्गाला यायची, सगळ्यांत मागे बसायची. आबाच्या बोटांवर हॉल हसायचा, तेव्हा ती माझ्याकडे बघत असायची.

बायकांनी पदर मागे कमरेला बांधूनच मशिनवर बसायचं, हाही माझा एक धडा होता. एका सकाळी, ऐन कामात, गोदाबाईचा मोकळा पदर खांद्यावरून घसरला आणि मशिनखालच्या फटीत गेला. खाली मशिनी चालवणारा शाफ्ट फिरत होता. त्याने पदर धरला.

मी वीसेक पावलांवर होतो. मला स्पष्ट दिसलं. पदर ताणला गेला, गोदाबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ओरडली नाही. हात कापसात होते, ते कापसातच राहिले.

मी इंजिन थांबवायच्या घंटेच्या दोरीकडे धावलो. पण घंटा झाली तरी इंजिन थांबेपर्यंत शाफ्ट फिरतच राहतो, हे मीच शिकवत आलो होतो.

जनाक्काने घंटेची वाट बघितली नाही. तिने गोदाबाईच्या कमरेत हात घातला, गाठ सोडली, निऱ्या ओढल्या, कासोटा उपसला. नऊ वार लुगडं सरसर उलगडत फटीत गेलं. गोदाबाई भोवऱ्यासारखी फिरली आणि सरकीच्या ढिगावर जाऊन पडली. अंगावर फक्त चोळी.

इंजिन थांबलं. हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. कोणी सांगितलं नाही, कोणी खूण केली नाही, पण सगळे पुरुष एकदम भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीही. सुपडूआबाने डोक्यावरचं पागोटं सोडलं, त्याचं टोक मागच्या मागे हातात धरलं आणि उलट्या पावलांनी, अंदाजाने, ढिगाकडे चालत गेला. आम्हाला भिंतच दिसत होती. त्याच्या वहाणांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग दुसरा आवाज आला. फाडकन!

जरा वेळाने बायका "फिरा आते" म्हणाल्या, तेव्हा आम्ही वळलो. गोदाबाई पागोटं गुंडाळून उभी होती. जनाक्काच्या गालावर चारही बोटं उमटली होती.

गोदाबाई तशीच बाहेर पडली आणि त्या दिवशी पुन्हा आली नाही. मॅनेजरने मला विचारलं, "वाचवलं तिलाच मारलं? का म्हणून?" मी म्हणालो, "माहीत नाही, साहेब." तिचे हात कापसातच राहिले होते, हे मी त्याला सांगितलं नाही.

जनाक्का दिवसभर दोन्ही मशिनींना कापूस भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. सगळ्या बायका आपापल्या जागी बसल्या. गोदाबाई दारातून आत आली. अंगावर दुसरं लुगडं होतं. ती सरळ जनाक्कापुढे गेली, पाठ करून उभी राहिली आणि पदराचं टोक मागे तिच्या हातात दिलं.

"बांधी दे," ती म्हणाली. "घट्ट."