सायबाला उजवाच हात

मीराचा फोन आला तेव्हा मी कार्ल्सरूहे स्टेशनवर लुडविग्सहाफेनच्या गाडीची वाट बघत उभा होतो. हातात पेजेचा थर्मास होता. आदल्या दिवशी अक्कानं दोन चमचे पेज घेतली होती, तेवढ्यावर मी खूश होऊन आज जरा जास्तच करून निघालो होतो. फोनवर मीराला मराठीत दोनच शब्द जमले, "मामा, आई..." पुढचं तिला जर्मनमध्ये सांगावं लागलं. मी "हो, हो" म्हणत राहिलो. गाडी आली आणि मी चढलो, कारण जायचं तर होतंच. अख्खा प्रवासभर तो थर्मास मांडीवर धरून बसलो होतो, खाली ठेवायचं सुचलंच नाही. अक्का जाऊन आता दीड-दोन महिने होत आले. लोक म्हणतात, हळूहळू सवय होते. कुणाला होते कोण जाणे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुलभा. आम्ही वेंगुर्ल्याचे. रसायनशास्त्र शिकून ती इकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात प्रयोगशाळेत लागली, तिथल्याच क्लाउसशी लग्न केलं, आणि मग मलाही शिकायला कार्ल्सरूहेला ओढून आणलं. क्लाउसभावजी जाऊन बरीच वर्षं झाली. मीरा त्यांची एकुलती एक. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. अक्का आयुष्यभर परीक्षानळ्यांशी खेळली, पण संकष्टी कधी चुकवली नाही. मी उलटा. देवाचं नाव काढलं की माझी जीभ वळवळायला लागते. "तुला मोदक चालतात, गणपती तेवढा चालत नाही," असं ती म्हणायची आणि ताटात आणखी एक वाढायची.

तिच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या. तेव्हापासून तो हात सुजायचा, घट्ट बाही चढवून ठेवावी लागायची, आणि त्यात ताकद म्हणून उरली नव्हती. तरी ती बरी झाली होती, म्हणजे आम्ही तसं धरून चाललो होतो. मग गेल्या वर्षी दुखणं परत आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवीन उपचार सुरू करायच्या आधी थोडे दिवस आहेत, कुठं जायचं असेल तर जाऊन या. मीरा तेव्हा ॲरिझोनात, टूसॉनला, दुर्बिणींच्या कामावर होती. "मला तिचं घर बघायचंय," अक्का म्हणाली. "ती काय खाते, कुठं झोपते, एकदा बघून येते." पुढचं ती बोलली नाही. तिला एकटीला कसं सोडणार? मीही निघालो.

टूसॉनच्या बाहेर वाळवंटात स्पॅनिश मिशनऱ्यांच्या काळातलं एक चर्च आहे. मीरा आम्हाला तिथं घेऊन गेली. मैलोन्‌मैल खुरटी झुडपं, हात वर करून उभी असलेली उंच निवडुंगं, आणि त्या सगळ्या मातकट रंगात एकदम पांढरीशुभ्र इमारत... डोळ्यांना त्रास व्हावा इतकी पांढरी. दोन मनोरे, त्यातल्या एकावर घुमट चढवायचा राहूनच गेलेला. "याचा कळस कुणी खाल्ला?" अक्का म्हणाली. आवाराच्या दारात आल्याबरोबर तिनं सवयीनं बूट-मोजे काढले. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली. आत पोचेपर्यंत ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती, मी तिच्यावर खेकसत होतो, आणि मीरा हसून हसून वाकली होती.

आत गार होतं. मेणबत्त्यांचा धूर, भिंतींवर लाल-पिवळी चित्रं, पडदे, झालरी, सगळं रंगवून काढलेलं. डाव्या अंगाला काचेच्या पेटीवजा चौथऱ्यावर एका संताची लाकडी मूर्ती उताणी निजवलेली होती, अंगावर पांघरूण घातलेली. त्या पांघरुणाला लोकांनी टाचण्यांनी धातूचे इवलेसे हात, पाय, डोळे, काळजं टोचून ठेवली होती. मध्ये मध्ये लहान मुलांचे फोटो, दवाखान्यात मनगटाला बांधतात तसले पट्टे. अक्कानं वाकून बघितलं. "अगो बाई, आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात ना, तसंच." मग मीरानं पाटी वाचून सांगितलं तो संत कोण ते, आणि अक्काचा चेहराच उजळला. लहानपणी जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे गोव्याच्या त्या ख्रिस्ती संताचं, शव दर्शनाला ठेवलं होतं तेव्हा आई आम्हा दोघांना घेऊन गेली होती. आमच्या भागातले हिंदूही सायबाला मानायचे, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. हा तोच.

"हा आपला सायब रे! हा एवढ्या लांब वाळवंटात काय करतोय?"

"तू लुडविग्सहाफेनला काय करतेस?" मी म्हटलं.

"गप रव," ती म्हणाली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

तिथली रीत अशी की मूर्तीच्या डोक्याखाली हात घालायचा, मनात मागणं मागायचं आणि डोकं उचलायचं. उचललं गेलं तर मागणं पोचलं. नाही गेलं तर काही लोक म्हणतात मन साफ नाही. अक्काची पाळी आली. तिनं बाही चढवलेला तो सुजलेला उजवा हात सायबाच्या मानेखाली सरकवला, डोळे मिटले... आणि डोकं हललं नाही. पुन्हा प्रयत्न केला. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मागं माणसं खोळंबली होती. मी कानाशी जाऊन म्हटलं, "अक्का, डाव्यानं उचल ना. डावा चांगला आहे तुझा."

तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी घाण बोललो असावं तसं बघितलं. "देवाला डावा हात?"

मीरा जर्मनमध्ये म्हणाली, इथं कुणी हात बघत नाही. पण अक्का बाजूला झाली होती. मग मीरानं डोकं उचललं, चटकन, पुस्तक उचलावं तसं. मला वाटलं गंमत म्हणून करते आहे. आणि मग मी पुढं झालो. का झालो, मला सांगता येणार नाही. मी, जो नारळ फोडायच्या वेळी चप्पल शोधायला बाहेर जातो. मी डोळे मिटले नाहीत, पण मनात म्हटलं... आणि डोकं इतकं अलगद वर आलं की मीच दचकलो. मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईनं माझ्या पाठीवर थोपटलं.

बाहेर फांद्यांच्या मांडवाखाली तिथल्या आदिवासी बायका तेलात मोठाल्या पोळ्या तळून विकत होत्या. अक्कानं एक तुकडा तोंडात टाकला आणि "आपल्या वड्यांची सर नाही," म्हणत सगळी संपवली. गाडीत बसल्यावर मला चिडवायला लागली, "नास्तिकाचं ऐकलं बघ सायबानं. मी एवढे उपास केले ते फुकट." काय मागितलंस, असं तिनं विचारलं. मी सांगितलं नाही. सांगितलं की फळत नाही, असं मी म्हणालो. मी म्हणालो हे!

परत आल्यावर नवे उपचार सुरू झाले आणि पहिलाच स्कॅन चांगला निघाला. गाठी लहान झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी औषधाचं नाव घेतलं, मी मान डोलावली, पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढं ते लाकडी डोकं होतं. त्या उन्हाळ्यात मी फार आनंदात होतो. अक्काच्या बाल्कनीत बसून आम्ही कारखान्याच्या चिमण्या बघत कोकम सरबत प्यायचो आणि पुढच्या वर्षी वेंगुर्ल्याला जायचे बेत करायचो. पुढचा स्कॅन मात्र वाईट आला. त्याच्या पुढच्या स्कॅनची वेळच आली नाही.

शेवटी तिला हॉस्पिसमध्ये ठेवलं, अखेरच्या दिवसांत सांभाळतात तिथं. मीरा आली होती, आम्ही आळीपाळीनं बसायचो. एका दुपारी मी तिच्या डोक्याखाली हात घालून पेज पाजत होतो. केस सगळे गेलेले, डोकं माझ्या तळहातात मावत होतं. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "त्या सायबाला डावा हात लावायला हवा होता का रे मी?"

मला वाटलं होतं ती ते विसरली असेल. चेष्टेवारी नेऊन संपवलं असेल. नव्हतं संपवलं. एवढे महिने ती ते मनात घेऊन निजत होती... की आपलंच चुकलं, आपण हट्ट केला, म्हणून आपलं मागणं पोचलं नाही.

"नाही अक्का," मी म्हटलं. "उजवाच बरोबर. सायबाला कळतं."

"कळतं ना?"

"कळतं."

जन्मात पहिल्यांदा मी देवाची बाजू घेतली. तिनं डोळे मिटले. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या शब्दाला त्या बाबतीत काही किंमत नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गेल्या महिन्यात मीरा आणि मी अक्काचं घर आवरत होतो. घरमालकाला किल्ल्या द्यायच्या होत्या. कपाटं रिकामी झाली, भांडी खोक्यात गेली. मीरा जमिनीवर बसून वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. वर न बघता तिनं विचारलं, मामा, तू तिथं काय मागितलं होतंस? आता लपवून काय करायचं होतं? मी सांगितलं, ती बरी होऊ दे. मीरानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "गेनाऊ. मीसुद्धा तेच." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मीही. दोघांनी मागितलं होतं. दोघांच्या हातून सायबाचं डोकं उचललं गेलं होतं. मग पोचलं कुठं ते? मला राग येतो. ज्याला मी मानत नाही त्याचा राग कसा येतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

पलंगावर तेवढी तिची उशी राहिली होती. इथल्या चौकोनी, मोठाल्या, मऊ उशा तिला कधी चालल्या नाहीत. डोकं चिखलात रुतल्यासारखं वाटतं म्हणायची. वेंगुर्ल्याहून आईनं भरून दिलेली सावरीच्या कापसाची छोटी, टणक उशी तिनं जन्मभर वापरली, हॉस्पिसमध्येही तीच होती. मध्ये खोलगट झालेली. अभ्र्याला तिच्या तेलाचा वास, केस गेल्यावरही ती टाळूला लावायची ते. मीरानं ती छातीशी धरली आणि विचारलं, ही मी नेऊ?

मी "ने" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अक्का तिची आई होती. पण मला हवी होती ती उशी. घरून निघताना मी तेवढंच मनाशी ठरवून आलो होतो, एवढी एक वस्तू मागून घेईन म्हणून.

परवा मीराचा फोन आला. तिकडच्या हवेबद्दल, कामाबद्दल बोलली. बोलणं संपत आल्यावर मी विचारलं, "अभ्रा धुतलास का?"

"नाइन, मामा. नाही."

"नको धुऊस," मी म्हटलं.